सेफ्टी पिन लावलेली बाई

या चित्रात आधी ती सेफ्टी पिन बघा. बटणाच्या जागी लावलेली, जॅकेट धरून ठेवणारी. डोक्यावर मोठी गवती हॅट, पिकलेले केस, आणि नजर आपल्याकडे नाहीच, बाजूला कुठेतरी लांब. दुसऱ्याच्या जमिनीवर अर्धेलीने राबणारी ही बाई म्हणजे 'शेअरक्रॉपर', काळी अमेरिकन चित्रकार-शिल्पकार एलिझाबेथ कॅटलेटनं १९५२ मध्ये मेक्सिकोत ती लिनोलियमवर कोरली. आपण तिच्याकडे थोडं खालून बघतो, मान वर करून, आणि मला हे फार महत्त्वाचं वाटतं.

एलिझाबेथ मूळची अमेरिकेतल्या वॉशिंग्टन शहरातली, जन्म १९१५, आजी-आजोबा गुलामगिरीत जन्मलेले. कार्नेगी इन्स्टिट्यूट या कॉलेजनं ॲडमिशन नाकारली, का तर मुलगी काळी. पुढे आयोवा विद्यापीठात शिकली तर हॉस्टेलमध्ये जागा नाही. पण तिथे चित्रकार ग्रँट वूड सरांनी सांगितलं की तुला जे सगळ्यात जास्त माहितीय तेच कर. मग न्यूयॉर्कच्या हार्लेम या काळ्यांच्या वस्तीत, कष्टकऱ्यांच्या शाळेत ती शिल्पकला शिकवायची आणि ड्रेस शिवायलाही शिकवायची, दिवसभर दुसऱ्यांच्या घरी राबून आलेल्या बाया समोर बसायच्या.

त्या बाया डोक्यात घेऊन १९४६ मध्ये ती मेक्सिको सिटीला गेली, तालेर दे ग्राफिका पोपुलार या छापचित्रांच्या स्टुडिओत, जिथे कलाकार एकत्र बसून युनियनसाठी, शाळांसाठी, साध्या माणसांसाठी पोस्टर आणि पत्रकं छापायचे. लिनोलियम म्हणजे जमिनीवर अंथरतात तेच, स्वस्त. कोरलं तेवढं पांढरं राहतं, उरलेल्यावर शाई बसते, आणि एका ठशातून कितीतरी प्रिंट निघतात म्हणजे चित्र एकाच श्रीमंताच्या भिंतीवर अडकून पडत नाही.

तिथे तिनं काळ्या बायकांवर १५ प्रिंट केल्या. सगळ्यांची नावं मिळून एकच बाई बोलतेय, मी. मी शेतात राबले, लोकांच्या घरी राबले, स्वतः गुलामीतून पळालेली हॅरिएट टबमन होऊन मी शेकडोंना गुलामीतून सोडवलं. एका प्रिंटमध्ये गळ्यात दोर असलेला माणूस जमिनीवर पडलाय, भोवती फक्त पाय दिसतात, आणि नाव काय, तर माझ्या माणसांसाठी खास भीती. इथे मी दरवेळी थांबते.

१९६२ मध्ये तिनं मेक्सिकोचं नागरिकत्व घेतलं आणि तिच्या राजकारणामुळे अमेरिकेनं जन्मभूमीचंच दार बंद केलं. १९७१ मध्ये हार्लेमच्या स्टुडिओ म्युझियममध्ये तिचं प्रदर्शन लागलं, तेव्हा कुठे व्हिसा मिळाला, जिथे बायांना ड्रेस शिवायला शिकवलं होतं त्याच हार्लेममध्ये ती पाहुणी म्हणून आली.