ब्रेकच्या पेडलपासून चाकापर्यंत

हा पाय, ब्रेकच्या पेडलवर. जोर किती, तर १०० न्यूटन धरू, म्हणजे दहा किलोचं वजन ठेवल्यावर पडेल साधारण तेवढा. आणि थांबवायची आहे हजार-बाराशे किलोची पळती गाडी. कसं जमतं हे, ते त्या जोराच्याच मागे मागे जाऊन बघू.

आधी पेडल बघा. वरून टांगलेला दांडा, वरच्या टोकाला एक पिन, तोच टेकू. पाय लागतो पिनपासून २५ सेंटीमीटर खाली आणि पेडल ज्या रॉडला ढकलतं तो पिनपासून ५ सेंटीमीटरवरच. फिरवायची ताकद म्हणजे टॉर्क, आणि तो काढायचा जोर गुणिले टेकूपासूनचं अंतर असा (अंतर जोराच्या रेषेला काटकोनात मोजायचं बरं का, परीक्षेत नेमकं हेच विसरतात, दांड्याच्या लांबीच्या दिशेनेच ढकलत बसलात तर कितीही घाम गाळा, काही फिरत नाही). पायाचा टॉर्क झाला २५ न्यूटन मीटर. रॉडकडे अंतर पाचपट कमी, मग जोर पाचपट जास्त, ५०० न्यूटन.

आता हा रॉड मास्टर सिलिंडरच्या पिस्टनला ढकलतो आणि इथून पुढे लोखंड नाही, ब्रेक ऑइल. पिस्टन ४ चौरस सेंटीमीटरचा, म्हणजे दर चौरस सेंटीमीटरला १२५ न्यूटन, पास्कलमध्ये साडेबारा लाख. आपल्या अंगावर हवेचा दाब सतत असतो त्याच्या बारापट. आणि बंद जागेतल्या द्रवावर दाब दिला की तो सगळीकडे सारखाच वाढतो, पाइप वाकडा असो, बारीक असो, गाडीच्या पार मागे गेलेला असो, त्याला फरक पडत नाही. ब्लेझ पास्कलचा नियम हा. तो १६६२ मध्ये वारला, आणि द्रवांवरचं त्याचं लिखाण छापून आलं १६६३ मध्ये. कुणी म्हणेल, खोलीप्रमाणे पण दाब वाढतो ना? वाढतो की. चाकाकडचा भाग अर्धा मीटर खाली असेल तर पाचेक हजार पास्कल जास्त. साडेबारा लाखांपुढे ते कुठे मोजत बसायचं.

चाकाजवळ कॅलिपर, म्हणजे चाकाबरोबर फिरणाऱ्या चकतीला (डिस्कला) पकडणारा चिमटा. तिथला पिस्टन २० चौरस सेंटीमीटरचा, दाब तोच, म्हणून जोर २५०० न्यूटन. आपण १०० लावले होते!

फुकट काही नाही मिळालेलं. पेडल १० सेंटीमीटर दाबलं तर रॉड २ सेंटीमीटर सरकतो, ८ मिलीलिटर ऑइल पुढे जातं, ते चार कॅलिपरमध्ये वाटलं की प्रत्येक पिस्टन सरकतो फक्त १ मिलिमीटर. पायाने केलेलं काम १० ज्यूल, चारही पिस्टननी मिळून केलेलं पण १० ज्यूल. मला या सगळ्यात हा हिशोबच जास्त आवडतो.

कॅलिपरमधल्या घासणाऱ्या पट्ट्या, म्हणजे पॅड, डिस्कला दोन्ही बाजूंनी आवळतात, घर्षणाचा आकडा ०.४ धरला तर एका चाकावर एकूण २००० न्यूटन, मध्यापासून १२ सेंटीमीटरवर, म्हणजे २४० न्यूटन मीटर टॉर्क. परत टॉर्कच, पण आता तो आपल्या विरुद्ध जातो, कारण टायर रस्त्याला टेकतो ३० सेंटीमीटरवर, तिथे उरतात ८०० न्यूटन. म्हणून तर डिस्क जितकी मोठी बसेल तितकी बसवतात. खऱ्या गाडीत वर बूस्टर पण असतो, एका बाजूला हवा कमी करून दुसऱ्या बाजूच्या हवेच्या दाबाने रॉडला ढकलणारा. इंजिन बंद करून दोन-चारदा ब्रेक दाबा, पेडल एकदम कडक होतं, मग कळतं तो किती काम करतो ते.

हे सगळं चालतं ते ऑइल जवळजवळ दबत नाही म्हणून. हवा दबते. पाइपात बुडबुडा शिरला की पायाची हालचाल बुडबुडा दाबण्यातच जाते, १ मिलिमीटरचा तर हिशोब, पेडल स्पंजसारखं लागतं आणि पॅड नीट आवळतच नाहीत. बुडबुडा बाहेरूनच यायला हवा असंही नाही. नेहमीचं ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषतं, डॉट ४ हा त्यातला एक प्रकार, तो नवा असताना निदान २३० अंश सेल्सिअसपर्यंत उकळू नये असा नियम, पण ओलावा धरलेल्या ऑइलसाठी तीच मर्यादा १५५. लांबलचक उतारावर ब्रेकवर पाय ठेवूनच गाडी उतरवली तर डिस्क तापते, उष्णता ऑइलपर्यंत पोचते, त्याची वाफ होते आणि पेडल खाली बसतं. उतारावर खालचा गिअर टाकायला सांगतात तो यासाठीच, आणि दोनेक वर्षांनी ऑइल बदलायला सांगतात ते पण.