गिटारचं वायरलेस घेताना

गिटारचं वायरलेस म्हणजे केबलऐवजी गिटारला लावायचा ट्रान्समीटर आणि अॅम्प्लिफायरकडे, म्हणजे अॅम्पकडे, सिग्नल पोचवणारा रिसीव्हर. ते कशाला, असं विचारलं की बहुतेक जण सांगतात, स्टेजवर मोकळं फिरता येतं. ते आहेच. पण माझ्या लेखी पहिलं कारण शॉकचं. ३ मे १९७२ रोजी वेल्समधल्या स्वॉन्सीला ‘स्टोन द क्रोज’ बँडचा गिटारवादक लेस हार्वी, अर्थिंग नीट नसलेल्या माइकला हात लागला आणि स्टेजवरच गेला. डिसेंबर १९७६ मध्ये फ्लॉरिडातल्या लेकलंडला ‘किस’ बँडचा गिटारवादक एस फ्रेली याला लोखंडी कठड्यातून करंट बसला. तो बचावला. मग त्या बँडने केन शॅफरने बनवलेलं वायरलेस धरलं.

आपल्या गिटारच्या तारा ब्रिजमधून, केबलच्या जाळीतून थेट अॅम्पच्या अर्थला जोडलेल्या असतात. मंडपात अॅम्प एका बोर्डावर, साउंडवाल्याचा मिक्सर दुसऱ्या, मधे जनरेटर, आणि अर्थिंग रामभरोसे. तारांवर हात आणि माइकला ओठ लागले की सर्किट पुरं. केबल काढली की हा रस्ता तुटतो. कीबोर्डवाल्याचा धोका मात्र तसाच राहतो, म्हणून टेस्टर खिशात असू द्या.

आता कुठलं घ्यायचं? खोक्यावरचा मीटरचा आकडा विसरा, तो मोकळ्या मैदानातला असतो. स्वस्त आणि मध्यम किमतीचे बहुतेक संच २.४ गिगाहर्ट्झवर चालतात. हा पट्टा विनापरवाना खुला, त्यामुळे वायफाय आणि ब्लूटूथही तिथेच. त्यात माणसाचं शरीर म्हणजे बरंचसं पाणी, आणि या लहरी पाण्यात शोषल्या जातात. दुपारी चारला रिकाम्या हॉलमध्ये साउंड चेक झकास होतो. रात्री हॉल भरतो, आणि रिसीव्हर मागे मिक्सरपाशी ठेवला असेल तर ऐन सोलोत आवाज तुटतो. रिसीव्हर स्टेजवरच, पेडलबोर्डावर, म्हणजे पायाशी इफेक्ट्स मांडलेल्या फळीवर, तुमच्या नजरेसमोर हवा. तो तिथे बसेल असाच संच घ्या.

आणखी एक गुन्हेगार असतो, त्याच्यावर कुणाला संशय येत नाही. आजकाल साउंडवाले टॅबलेटवरून मिक्सिंग करतात आणि त्याचा राउटर स्टेजच्या कडेलाच ठेवतात. तो ५ गिगाहर्ट्झवर टाकायला सांगा. अर्थात तुमचा संच ५.८ गिगाहर्ट्झवाला असेल तर मामला उलटा.

यूएचएफ, म्हणजे काहीशे मेगाहर्ट्झवर चालणारे, संच गर्दीत जास्त टिकाव धरतात, पण ती फ्रीक्वेन्सी इथे वापरायला परवानगी आहे का, ते आधी बघा. अमेरिकेतल्या चुलतभावाला स्वस्तात जुना सेट मिळाला तर हुरळून जाऊ नका. तिथे ६०० मेगाहर्ट्झच्या बऱ्याचशा पट्ट्यात वायरलेस माइकना जुलै २०२० पासून बंदी आहे, तोच माल जुन्या बाजारात येतो.

टोनबद्दल थोडं सविस्तर बोलतो, कारण तक्रारी तिथेच असतात. ‘वायरलेस लावलं आणि गिटार किरकिरी वाजायला लागली.’ वायरलेस काही घालत नाही, केबल जे खात होती ते परत मिळतं. साध्या केबलला मीटरमागे साधारण १०० पिकोफॅरड कपॅसिटन्स, म्हणजे वीज साठवण्याचा गुण, असतो. सहा मीटरची केबल पॅसिव्ह पिकअपवरचा (तारांखालचा, बॅटरीशिवाय आवाज पकडणारा भाग) वरचा चकचकीतपणा बराच कापते, आणि कानाला त्याचीच सवय झालेली असते. म्हणून बॉस कंपनीच्या डब्ल्यूएल-२० या संचामध्ये केबलचा टोन नकली घालून दिलाय, आणि ज्यांना तो नको त्यांच्यासाठी डब्ल्यूएल-२०एल. जुन्या धाटणीचा फझ, म्हणजे आवाज फाटका करणारा पेडल, वापरत असाल तर गंमत वेगळीच. त्याला थेट पिकअप समोर लागतो, मधे वायरलेसचा बफर, म्हणजे पिकअपला पुढच्या सर्किटपासून वेगळं करणारा भाग, आला की तो गिटारचा व्हॉल्यूम कमी केल्यावर पूर्वीसारखा साफ होत नाही. हे दुकानातच वाजवून बघा.

लेटन्सीचा, म्हणजे तार छेडल्यापासून आवाज येईपर्यंतच्या उशिराचा, बाऊ करू नका. डब्ल्यूएल-२० ची २.३ मिलिसेकंद आहे. आवाज तेवढ्या वेळात हवेतून ऐंशी सेंटिमीटरच्या आसपास जातो. म्हणजे अॅम्पपासून पाऊलभर मागे सरकण्याइतकंच. पण डिजिटल प्रोसेसर, डिजिटल मिक्सर आणि कानातलं मॉनिटर, सगळ्यांची लेटन्सी एकापुढे एक जमत जाते. तुमची साखळी तशी लांब असेल तर मात्र आकडा विचारा.

राहिला जॅक. फेंडरच्या स्ट्रॅट गिटारचा खोलगट जॅक काही ट्रान्समीटरना सोसत नाही, ते अर्धवट बसतात. आणि काही छोट्या ट्रान्समीटरचं अॅक्टिव्ह, म्हणजे बॅटरीवाल्या, पिकअपशी पटत नाही, शिट्टीसारखा आवाज येतो. आज तीन संच आणलेत. ज्यांनी गिटार आणलीय त्यांनी पुढे या, लावून बघू. अॅक्टिव्ह पिकअपवाले आधी.