दोन माना, दोन काठ्या

(दृश्य: सिनेगॉगमधलं, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनास्थळातलं मेज. तोरा या त्यांच्या धर्मग्रंथाची चर्मपत्राची गुंडाळी उघडी आहे. चांदीची दर्शनी काठी, टोकाला इवलंसं बोट, ओळीवरून सरकतेय.)

निवेदन:

दर शनिवारी तोराचा एक भाग वाचतात. ह्या शनिवारचा असा सुरू होतो: "वय्यिगश एलाव यहूदा." यहूदा त्याच्या जवळ गेला.

समोर मिसरचा, म्हणजे इजिप्तचा कारभारी आहे. तो आपलाच भाऊ योसेफ, हे यहूदाला ठाऊक नाही. बावीस वर्षांपूर्वी ह्याच यहूदानं सुचवलं होतं, योसेफाला मारण्यापेक्षा विकून टाकू. चांदीच्या २० नाण्यांत व्यवहार उरकला होता. आज धाकटा बन्यामीन अडकलाय आणि यहूदा म्हणतोय, पोराला सोडा, गुलाम म्हणून मला ठेवा.

'जवळ गेला' म्हणजे कशाला गेला? 'बेरेशीत रब्बा' या जुन्या मिद्राशात, म्हणजे तोरावरच्या भाष्यात, ह्यावर वाद आहे. कुणी म्हणतं लढायला, कुणी म्हणतं समजूत घालायला, कुणी म्हणतं प्रार्थनेला. रब्बी, म्हणजे धर्मपंडित, एलाझार तिन्ही धरतात: जे लागेल त्याच्या तयारीनं गेला.

मग योसेफाचा बांध फुटतो. तो बन्यामीनच्या गळ्यात पडून रडतो. मुंबईचे बेने इस्रायल ज्यू १९व्या शतकात बायबलकथांवर मराठी कीर्तनं करत. कीर्तनकारानं रेंगाळावं अशीच ही जागा. रब्बी मात्र एका शब्दापाशी अडले. मूळ हिब्रूत 'मान' नाही, 'माना' आहे. व्याकरणवाले म्हणतील, हिब्रूत असं बोलतातच. तालमुद, म्हणजे रब्बींच्या चर्चांचा ग्रंथ, विचारतं, बन्यामीनला माना किती होत्या? उत्तर असं: बन्यामीनच्या वाट्याच्या जमिनीवर जेरुसलेमची दोन मंदिरं उभी राहणार आणि दोन्ही उद्ध्वस्त होणार, योसेफ त्यांच्यासाठी रडला. बन्यामीन रडला शिलोसाठी. शिलोचं पवित्रस्थान योसेफाच्या वाट्यातलं, तेही जाणार होतं. भेटीच्या मिठीत दोघं एकमेकांच्या उद्याच्या दुःखासाठी रडतायत!

(दृश्य: तोरा गुंडाळली जाते. दुसरं पुस्तक उघडतं.)

तोरानंतर संदेष्ट्यांच्या ग्रंथांतला उतारा वाचतात, त्याला हफ्तारा म्हणतात. ह्या शनिवारी तो यहेज्केल या संदेष्ट्याचा, अध्याय ३७. इ.स.पू. ७२२मध्ये अश्शूरनं इस्रायलचं उत्तरेचं राज्य बुडवलं. ते राज्य योसेफाच्या वंशाच्या नावानं ओळखलं जाई, दक्षिणेचं यहूदाच्या. म्हणजे गळाभेट झाली, पण पुढे नातवंडा-पतवंडांची घरं वेगळी झालीच. यहेज्केल स्वतः बाबेलमध्ये हद्दपार. त्याला आज्ञा होते: दोन काठ्या घे, एकीवर यहूदाचं नाव लिही, दुसरीवर योसेफाचं, आणि हातात जोडून धर. त्या 'अहादीम' होतील. शब्द विचित्र आहे, 'एक' ह्याचंच अनेकवचन. काठ्या एक होतात, तरी मोजायला दोन उरतात, असं मला तरी ऐकू येतं.

(दृश्य: पुन्हा गुंडाळी, पुढचा शनिवार.)

आठवडाभरानंतरच्या वाचनात ह्या भावांचा बाप याकोब वारतो. भाऊ घाबरतात, योसेफाकडे निरोप धाडतात: वडील सांगून गेलेत, भावांना क्षमा कर. वडील असं बोलल्याचं तोरात कुठेच नाही. रब्बी सांगतात, घरात शांतता राहावी म्हणून भावांनी थाप मारली होती.