पोहायला जाताय? आधी नाला नदीला कुठं मिळतो ते बघा

राम राम मंडळी! शेतात असाल, दुकानावर असाल, पाच मिनिटं जरा ऐका, कारण श्रावण लागलाय, रविवारी घरोघरी आपली खान्देशातली देवी कानबाई बसेल आणि सोमवारी विसर्जनाला सगळं गाव नदीवर जाईल, मग पोरं पाण्यात उड्या टाकणारच. आपणही टाकल्यात. मी पोहायला गिरणा नदीतच शिकलो, पाठीला रिकामा डबा बांधून, काकांनी डोहात ढकललं तसा. म्हणून पोरांना नदीवर जाऊच नका असं माझ्या तोंडून निघणार नाही.

पण दोन वर्षांमागं हिवाळ्यात माझा पुतण्या असाच पोहून आला आणि दोन दिवसांनी हगवण, ताप, सलाईन लावायची पाळी आली. पाणी तर एकदम नितळ होतं काका, असं म्हणत होता. मी जाऊन बघितलं तर डोहाच्या वरच्या अंगाला, शंभरेक पावलांवर, वळणाआड नाला येऊन मिळतो, गावातल्या गटारीचं, संडासांचं सगळं पाणी घेऊन. डोहावर उभं राहिलं तर तो दिसतच नाही.

जंतू डोळ्यांना दिसत नाहीत हो, पाणी कितीही नितळ असू दे. म्हणून लॅबमध्ये मैल्यातले कोलिफॉर्म मोजतात, हे जीवाणू माणसाच्या आणि गुराढोरांच्या आतड्यात राहतात, ते सापडले म्हणजे पाण्यात मैला आलाय, आणि मैल्याबरोबर टायफॉईड, हगवण, काविळीचे जंतू पण येऊ शकतात. आपल्या देशात अंघोळीच्या पाण्याचा हिशोब असा आहे की 100 मिलीलीटरमध्ये, म्हणजे साधारण कटिंग चहाच्या ग्लासात, हे 500 पर्यंत असले तर चांगलं आणि जास्तीत जास्त 2500, त्याच्यावर गेलं की त्या पाण्यात उतरूच नये. 2018 मध्ये केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळानं देशातले नद्यांचे 351 प्रदूषित पट्टे काढले, त्यात महाराष्ट्राचे 53, आणि आपली तापी, आपली गिरणा दोन्ही त्यात. बरं ती यादी काढली बीओडीवरून, म्हणजे पाण्यातली घाण कुजताना किती ऑक्सिजन खाते त्यावरून, जंतूंचा हिशोब वेगळाच राहिला. वाचून फार वाईट वाटलं मला.

आता अडचण अशी की सॅम्पल दिलं तरी जंतू वाढवून मोजायला कमीत कमी एक दिवस जातो, म्हणजे हातात येतो तो आकडा कालचा, आणि रात्री पाऊस पडला असेल तर तो आकडा गेलाच! पावसाचं पहिलं पाणी शेतातलं शेण, उकिरडा, रस्त्यावरची घाण सगळं ओढून नदीत आणतं, गटारी पण भरून वाहतात, तळाचा गाळ ढवळतो आणि त्यात बसलेले जंतू वर येतात. म्हणून जोराचा पाऊस झाला की दोन-तीन दिवस पोरांना पाण्यात सोडू नका, तसाही तेव्हा पुराचा भरवसा नसतो. आणि उन्हाळ्यात सगळं बरं असतं असंही नाही, धार आटते, नाल्याचं पाणी मात्र तेवढंच येतं, आणि डोहात तेच साचतं.

पायाला जखम असेल तर पाण्यात जाऊ नका, उंदराच्या मुतातून लेप्टो नावाचा तापाचा आजार होतो, त्याचे जंतू तिथून शिरतात. पोरांना सांगा, पोहताना तोंडात पाणी घेऊन पिचकाऱ्या मारायच्या नाहीत (आम्ही तेच करायचो!). घरी आल्यावर साबण लावून अंघोळ, आणि नंतर जुलाब-ताप आला तर डॉक्टरला नदीत पोहलो होतो हे आधी सांगायचं, आमच्याकडून ते सांगायचंच राहिलं आणि उपचाराला एक दिवस उशीर झाला.

पुतण्या आता परत पोहतो बरं का. नाल्याच्या वर चांगलं अर्धा किलोमीटर जाऊन, पाऊस नसेल तेव्हा, आणि मी काठावर टॉवेल घेऊन बसलेला असतो. या सोमवारी मात्र आम्ही घोट्याइतक्या पाण्यात उभं राहूनच कानबाईला निरोप देणार.