नाव टाकलं की पहिलं काय दिसतं?

(दृश्य: जुन्या वर्तमानपत्राचं पान. कॅमेरा बातम्या सोडून खालच्या बारीक अक्षरांतल्या नोटिसांवर येतो.)

निवेदन:

१९ जानेवारी १९९८. बार्सिलोनाच्या ‘ला वान्ग्वार्दिया’ या दैनिकात लिलावाच्या नोटिसा छापून आल्या. त्यातली एक, सामाजिक सुरक्षेची थकबाकी वसूल करण्यासाठी जप्त केलेल्या मालमत्तेची. सोबत मालकाचं नाव. नोटीस सरकारी आदेशानं छापलेली. बोली लावणारे जास्तीत जास्त यावेत, एवढाच हेतू. ९ मार्चला ती पुन्हा आली. पुढे ते देणं मिटलं, आणि पेपर रद्दीत गेला.

पण मग त्या दैनिकानं जुने अंक इंटरनेटवर चढवले. दहाएक वर्षांनीही गुगलवर त्या माणसाचं नाव टाकलं की हीच दोन पानं समोर.

त्यानं २०१० मध्ये स्पेनच्या डेटा संरक्षण यंत्रणेकडे तक्रार केली. यंत्रणा म्हणाली, दैनिकानं कायद्यानुसारच छापलंय, पान काढता येणार नाही. गुगलनं मात्र लिंक काढावी. गुगल कोर्टात गेलं. १३ मे २०१४ रोजी युरोपीय न्यायालयाचा निकाल आला: नावानं शोधल्यावर येणारी माहिती कालबाह्य किंवा गैरलागू झाली असेल, तर सर्च इंजिननं ती लिंक काढायला हवी.

काय निघालं, ते नीट बघा. पान जागच्या जागी राहिलं. बंद झाली ती नावावरून तिथं पोचणारी वाट.

आणि हा खटला आज जगभर ओळखला जातो तो त्या माणसाच्याच नावानं. ते नाव आम्ही इथं घेणार नाही. त्याची मूळ मागणी तेवढीच तर होती!

(दृश्य: समुद्रकिनाऱ्याचं हवाई चित्रण.)

झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. २००३ मध्ये गायिका बार्बरा स्ट्रायसँड यांनी ती उघडली. कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्याची धूप नोंदवणाऱ्या हजारो फोटोंपैकी एकात त्यांचा बंगला होता. त्यांनी दावा लावला, ५ कोटी डॉलर्सचा. तोवर तो फोटो डाउनलोड झाला होता सहा वेळा, त्यातले दोन त्यांच्याच वकिलांचे. दाव्याची बातमी झाली आणि महिन्याभरात चार लाखांहून जास्त लोक तो फोटो बघून गेले.

(दृश्य: दिल्ली उच्च न्यायालय, बाहेरून.)

आपल्याकडचं प्रकरण वेगळं. भारतीय वंशाचा एक अमेरिकी नागरिक २००९ मध्ये इथं आला असताना अमली पदार्थांच्या गुन्ह्यात आरोपी झाला. २०११ मध्ये निर्दोष सुटला. २०१३ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानंही ते कायम केलं. अमेरिकेत परतून कायदा शिकला, तर नोकरी मिळेना. नाव शोधलं की उच्च न्यायालयाचा तोच निकाल वर. निकाल त्याच्याच बाजूचा, पण ‘अमली पदार्थ’ वाचल्यावर शेवटच्या परिच्छेदापर्यंत जातो कोण?

१२ एप्रिल २०२१ रोजी न्यायालयानं अंतरिम आदेश दिला. गुगलनं निकाल शोधातून काढावा, आणि न्यायालयांचे निकाल मांडणाऱ्या ‘इंडियन कानून’ या संकेतस्थळानं तो सर्च इंजिनांना सापडणार नाही असं करावं. इथंही वाटच बंद केली. मद्रास उच्च न्यायालयानं तर एका प्रकरणात निकालच संकेतस्थळावरून काढून टाकायला सांगितलं. त्या आदेशाला जुलै २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं स्थगिती दिली, कारण न्यायालयाचा निकाल हा सार्वजनिक दस्तऐवज असतो.

(दृश्य: लॅपटॉपचा पडदा, पत्ता लिहायची वरची पट्टी जवळून.)

‘सात दिवसांत गुगल साफ’ म्हणणाऱ्यांच्या नादी लागू नका. गुगलमधून लिंक गुगलच काढतं. बाहेरचे लोक फार तर नवी पानं रचून जुनं खाली ढकलतात.

बदनामीचा मजकूर दिसला की आधी स्क्रीनशॉट, तारखेसह, आणि पानाचा पूर्ण पत्ता. उत्तराला उत्तर देत बसलात तर ते पान आणखी लोकांपर्यंत जातं. खासगी फोटो पसरवले असतील, तर मात्र थांबू नका. लगेच त्या प्लॅटफॉर्मच्या तक्रार अधिकाऱ्याकडे आणि सायबर पोलिसांकडे जा.

जुन्या अटकेच्या बातमीचं काय? अटक ठळक छापली जाते, सुटका बहुधा छापलीच जात नाही. ‘बातमी काढा’ म्हटलं की संपादक सहसा नकार देतात. त्यापेक्षा निकालाची प्रत जोडून लिहा: मथळ्याखालीच, निर्दोष सुटल्याची एक ओळ तारखेसह घाला.