पब, फिडल आणि कॉफी मशीन

नमस्कार श्रोतेहो.

मी राहते आयर्लंडच्या पश्चिमेला, क्लेअर काउंटीतल्या एनिस या गावात. इथल्या स्थानिक रेडिओवर रोज ठरलेल्या वेळी निधनवार्ता वाचतात. मयताचं नाव, गाव, पार्थिव कुठे ठेवणार, किती वाजेपर्यंत भेटायला यायचं, मिस्सा कुठल्या चर्चमध्ये, दफन कुठे. त्या वेळी गाडी चालवणारा आवाज मोठा करतो आणि दुकानातलं बोलणं थांबतं. मयताला न जाणं इथे खपत नाही, ओळख किती का लांबची असेना. दफन आटोपलं की सगळी मंडळी जातात पबमध्ये. सूप, सँडविच, चहा, ज्याला हवी त्याला बिअर. पूर्वी कित्येक खेड्यांत पबवालाच किराणा विकायचा आणि अंत्यविधीची व्यवस्थाही तोच बघायचा. म्हणजे माणूस जन्मभर त्याचं गिऱ्हाईक.

आज बोलायचंय ते या पबबद्दल आणि तिथे वाजणाऱ्या संगीताबद्दल. पब म्हटल्यावर तुमच्यातल्या काहींच्या डोळ्यांसमोर काळ्या काचांची परमिट रूम आली असणार. माझी आई साताऱ्याहून आली तेव्हा तिचंही तेच झालं. "मी? आणि दारूच्या गुत्त्यात?" असं म्हणत म्हणत आली. शेजारच्या टेबलावर एक मुलगा शाळेचा अभ्यास करत होता, त्याची आजी चहात बिस्किट बुडवत होती. आई जरा सैलावली. इथल्या कायद्याने मुलं आईवडिलांबरोबर पबमध्ये बसू शकतात, रात्री नऊपर्यंत, उन्हाळ्यात दहापर्यंत. थोड्या वेळाने कोपऱ्यात वाजवायला सुरुवात झाली. आईचा पहिला प्रश्न अगदी व्यवहारी होता, "यांना पैसे कोण देतं गं?"

उत्तर असं, की बहुतेकांना कोणी देत नाही. पर्यटकांच्या गावात पबवाला दोघा-तिघांना पैसे देऊन बसवतो, म्हणजे कोपरा रिकामा राहत नाही. बाकीचे आपणहून येतात. याला म्हणतात सेशन. स्टेज नाही, माइक नाही. वाजवणारे गोल करून बसतात, तोंडं एकमेकांकडे, पाठ आपल्याकडे. दोन फिडल, म्हणजे आपलं व्हायोलिनच, एक लाकडी बासरी, एखादा बँजो आणि क्लेअरमध्ये हटकून असणारी कॉन्सर्टिना, हातात मावणारी छोटी सहाकोनी पेटी. एक जण धून काढतो, ज्यांना येते ते मागून मिसळतात, ज्यांना येत नाही ते मांडीवर वाद्य ठेवून ऐकतात. धून दोन-तीनदा वाजवली की न थांबता दुसरी. ती कुठली, हे आधी ठरलेलं नसतं. पुढचा जरासा भुवई उचलतो, कधी नुसतं "हप्!" म्हणतो, आणि सगळे वळतात. यातल्या जिग नावाच्या नाचाच्या धुनेचा ठेका सहा मात्रांचा. दादरा ऐकलेल्या कानाला तो लगेच ओळखीचा वाटतो. संपल्यावर धुनेचं नाव विचारलंत तर वाजवणाराच दुसऱ्याला विचारतो, "काय रे नाव हिचं?"

हे सगळं पाहून वाटतं, हजार वर्षं हे असंच चालत आलं असणार. पर्यटन खात्याच्या जाहिराती तर तेच सांगतात. प्रत्यक्षात धुना जुन्या आहेत, पबमध्ये गोल करून बसणं मात्र फार जुनं नाही. पूर्वी हे संगीत स्वयंपाकघरात वाजायचं. शेतकऱ्याच्या घरी चुलीपुढची दगडी फरशी मोकळी करायची, एखादा फिडलवाला बोलवायचा आणि रात्रभर नाचायचं. पाद्र्यांना ते खुपायचं. 1935 साली सार्वजनिक नाचाला परवाना लागेल असा कायदा आला. कायदा सार्वजनिक हॉलसाठी होता, पण पाद्री आणि पोलिसांनी त्याचा बडगा घरगुती नाचावरही उगारला. नाच गेला चर्चच्या हॉलमध्ये. हॉल मोठा, तिथे एकटं फिडल कोणाला ऐकू जाणार? मग नाचासाठी वाजवणारे केली बँड आले, दहा-दहा जणांचे. आमच्या क्लेअरमधले टला आणि किलफेनोरा हे दोन बँड एकमेकांचे असे प्रतिस्पर्धी, की आजही कोणाची बाजू घ्यायची ते घराण्यावरून ठरतं.

मग पब कधी आला? त्यासाठी समुद्र ओलांडावा लागतो. दुसऱ्या महायुद्धानंतर हजारो आयरिश तरुण बांधकामावर मजुरीला लंडनला गेले. राहायला एका खोलीत चौघं, तिथे वाजवणार कुठे? कॅम्डन टाऊन, केंटिश टाऊन भागातल्या पबमध्ये ते वाद्यं घेऊन बसायला लागले. इकडे 1951 साली मलिंगार गावात फ्ला ह्योल नावाचा देशभरचा संगीत महोत्सव सुरू झाला. स्पर्धा हॉलमध्ये व्हायच्या, पण आलेली गर्दी हॉलमध्ये मावेना. ती रस्त्यावर आणि पबमध्ये वाजवू लागली. परदेशातली सवय आणि घरचा महोत्सव यांनी मिळून हे संगीत पबमध्ये आणलं. बाया तर त्या काळी बऱ्याच पबमध्ये मुख्य बारशी बसूही शकत नव्हत्या. लाकडी फळ्यांचा एक कोंदट खण असायचा, स्नग नावाचा, त्यात बसायचं आणि खिडकीतून ग्लास घ्यायचा. आज आमच्या इथल्या सेशनमध्ये पुढाकार घेते ती एक बाई आहे, शाळेत शिकवते, आणि तिच्या भुवईवर सगळे पुरुष वळतात.

महोत्सव इथे पुष्कळ आहेत. माझा जीव आहे तो एनिसहून तीसेक किलोमीटरवरच्या मिलटाऊन मॅलबेच्या विली क्लॅन्सी वीकवर. विली क्लॅन्सी तिथला सुतार आणि इलन पाइप्सचा मोठा वादक. हे वाद्य फुंकायचं नसतं. काखेत भाता धरून कोपराने हवा भरायची. तोही पन्नासच्या दशकात लंडनला सुतारकाम करून परत आला होता. 1973 च्या जानेवारीत तो गेला आणि त्याच उन्हाळ्यात मित्रांनी त्याच्या नावाने शिबिर भरवलं. तेव्हापासून जुलैच्या सुरुवातीला हा आठवडा असतो. सकाळी शिकवण्या, दुपारी व्याख्यानं, संध्याकाळी मैफली. हजारभर वस्तीच्या गावात शिकवायला जागा पुरत नाही, म्हणून शाळा, हॉल आणि लोकांची घरंसुद्धा वर्ग होतात. एका घरी मी गेले होते, दिवाणखान्यात दहा-बारा फिडलं, ओट्यावर वाद्यांच्या केसेसची रास, आणि घरमालकीण त्यातून वाट काढत किटली लावतेय. जपानहून आलेला एक मुलगा तिच्या नातवाला त्यांच्याच गावातली धून शिकवत होता. नातू चुकला की तो हळूच मान हलवायचा. त्याला इंग्रजी बेताचंच येत होतं, पण अडलं कुठेच नाही.

आता आमच्या कोपऱ्यावरचा पब. त्याचं नाव राहू द्या. मी आले तेव्हा तिथे अंधार, टीव्हीवर घोड्यांच्या शर्यती, खायला चिप्सचं पाकीट किंवा भाजलेलं सँडविच. गुरुवारी रात्री सेशन. मग एकेक होत गेलं. 2011 मध्ये दारू पिऊन गाडी चालवण्याची मर्यादा कडक झाली, 2018 मध्ये शिक्षा वाढली. ते योग्यच झालं, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण दहा मैलांवरच्या शेतकऱ्याकडे रात्री ना बस ना टॅक्सी. तो सुपरमार्केटमधून स्वस्त डबे नेऊन घरी प्यायला लागला. परवान्याचा कायदा आणखी मजेशीर. नवा परवाना हवा असेल तर देशातला एखादा जुना बाद करावा लागतो, आणि 2000 पासून तो कुठल्याही कोपऱ्यातला चालतो. त्यामुळे खेड्यातला पब बंद पडतो आणि त्याचा परवाना विकत घेऊन शहरातलं सुपरमार्केट दारू विकतं. 2005 पासून देशात दोन हजारांच्या घरात पब बंद झाले, बहुतेक खेड्यांतले.

मग कोविड. 2020 च्या मार्चमध्ये सगळे पब बंद. जूनअखेर उघडले ते फक्त जेवण देणारे, आणि गिऱ्हाइकाने किमान 9 युरोचं भरपेट जेवण घ्यायलाच हवं असा दंडक. विषाणूला बिल दाखवायचं की काय, असा विनोद तेव्हा घरोघर चालला. (पब बंद झाले तेव्हा पंतप्रधान होते लिओ वराडकर, ज्यांचे वडील मालवण तालुक्यातल्या वराडचे. 2018 साली गुड फ्रायडेला पब उघडे ठेवायची मुभा मिळाली, तीही त्यांच्याच कारकिर्दीत. नव्वदेक वर्षांची बंदी होती ती.) आमच्या पबकडे स्वयंपाकघर नव्हतं, त्याला सप्टेंबरपर्यंत कुलूप राहिलं. म्हाताऱ्या मालकाने नंतर पब विकला.

नव्या मालकिणीने भिंत पाडून खिडकी केली, थाई जेवण आणलं, बिनअल्कोहोल गिनेसचा, म्हणजे इथल्या काळ्या बिअरचा, नळ बसवला आणि एक भलंमोठं कॉफी मशीन. जुनी गिऱ्हाइकं आठवडाभर नाकं मुरडत होती, मग जेवायला लागली. सेशन गुरुवार रात्रीवरून रविवारी दुपारी तीनला आलं, कारण वाजवणारे गाडीने येतात. टेबलावर आता निम्म्या ठिकाणी चहाचे कप असतात. मुलं जास्त येतात. फक्त एकदा भांडण झालं. पाइप्सवाला संथ धून वाजवत असताना मशीनने दूध फेसाळायला घेतलं, आणि बारजवळचा एक आजोबा गरजला, "त्या इंजिनाला कोणीतरी स्टेशनात थांबवा!" तेव्हापासून बारवरचा मुलगा दुधाचा जग हातात धरून धून संपायची वाट बघतो. कॉफीला उशीर होतो, तक्रार कोणी करत नाही.

मला विचाराल तर हा बदल मला आवडला. जुना अंधार मला कधीच फार प्रेमळ वाटला नव्हता. स्वयंपाकघरातून हॉलमध्ये, हॉलमधून पबमध्ये असा प्रवास केलेल्या संगीताला दुपारच्या उन्हाचं काय वावडं असणार? धास्ती वेगळीच आहे. शेजारच्या खेड्यातला शेवटचा पब बंद झाला, तिथे थाई जेवण घालायलाही कोणी पुढे आलं नाही, आणि तिथले दोघे फिडलवाले आता आमच्याकडे येतात. ते यायचे थांबले तर ते कुठे वाजवतील, मला सांगता येणार नाही.

असो. तुमच्यापैकी कोणी जुलैत इकडे येणार असाल तर मिलटाऊनची खोली हिवाळ्यातच बुक करा. वेस्ट क्लेअर रेल्वे तिथे जायची, पण ती 1961 मध्येच बंद झाली. एनिसहून बस किंवा गाडी. सेशनमध्ये रिकामी खुर्ची दिसली तरी विचारल्याशिवाय बसू नका, ती बहुधा कोणाची तरी असते. आणि बकऱ्याच्या कातड्याचा तो गोल डफ, बाउरॉन, बरोबर आणलात तर आधी एक वाजतोय का बघा. वाजत असेल तर तुमचा गाडीतच राहू द्या.

नमस्कार.