आधी हात लावू द्या

श्रोतेहो, नमस्कार.

मुलांना ऑर्केस्ट्रातली वाद्यं दाखवायची म्हटलं की शाळेत तक्ता लागतो. हे व्हायोलिन, हा चेलो, हा ट्रम्पेट. मुलं नावं पाठ करतात आणि परीक्षेनंतर विसरतात. माझा आग्रह असा आहे, की वाद्य आधी मुलाच्या हातात द्या, नाव मागाहून सांगा.

व्हायोलिन घ्या. मोठ्यांचं व्हायोलिन लहान मुलाला पेलत नाही, म्हणून अर्ध्या, पाव, अगदी एक-सोळांश मापाचीही व्हायोलिनं बनतात. मुलाला आधी बोटानं तार छेडू द्या. लाकडाची थरथर गळ्याच्या हाडाशी जाणवली, की डोळे कसे मोठे होतात ते बघा! मग गज द्या, पण राळ न लावलेला, कोरा. घोड्याच्या शेपटीचे ते केस तारेवरून नुसते घसरतात, आवाज जवळजवळ येतच नाही. आता मुलालाच राळ घासायला सांगा आणि पुन्हा ओढू द्या. तार बोलते! राळेमुळे केस तारेला धरतात आणि सोडतात, हे त्यानंतर सांगितलं तर लगेच कळतं, कारण मुलानं ते स्वतः करून पाहिलेलं असतं.

ट्रम्पेटमध्ये नुसती हवा फुंकून काही होत नाही. ओठ मिटून फुर्रर्र करावं लागतं. आपली तुतारीही अशीच वाजते. घरी बागेतल्या पाइपाच्या तुकड्याला नरसाळं खोचा आणि दुसऱ्या टोकाला ओठ लावून फुरफुरा. पाइप लांब घेतला की सूर खाली जातो. फ्रेंच हॉर्नची नळी गुंडाळलेली का असते, ते मग वेगळं शिकवावं लागत नाही. उलगडली तर ती साडेतीन मीटरांहून लांब भरेल.

पहिला आवाज कर्कशच येणार. तेव्हा कृपा करून हसू नका, हात धरून सुधारूही नका. आपल्याकडे वाद्याला पाय लागला तर नमस्कार करतात. ही रीत मला फार प्रिय आहे. मुलाला ती जरूर शिकवा, पण त्यासाठी वाद्य कपाटात बंद ठेवायला नको.

तुम्ही म्हणाल, ही वाद्यं आणायची कुठून? मुंबईत नरिमन पॉइंटच्या एनसीपीए या कलाकेंद्रात २००६ पासून सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया आहे, पण तालुक्याच्या गावातलं मूल तिथं कसं पोचणार? त्याला लांब जायची गरजही नाही. लग्नाच्या वरातीतला बँड आठवा. ट्रम्पेट आणि क्लॅरिनेट ही ऑर्केस्ट्रातलीच वाद्यं, आणि ती वर्षानुवर्षं वाजवणारी माणसं आपल्याच गावात राहतात. त्यांना आपण कधी शाळेत बोलावलंच नाही, याचं मला वाईट वाटतं.

लग्नसराई संपली की त्यांना एक दिवस शाळेत बोलवा. मास्तर म्हणून बोलवा, योग्य मानधन द्या. प्रत्येक मुलानंतर माउथपीस धुवायला साबण-पाणी आणि स्वच्छ फडकं तयार ठेवा. आणि मुलांचे गट लहान करा, म्हणजे शेवटच्या बाकावरच्या मुलीलाही वाजवायची पाळी मिळेल.